टिमोलॉलचा थेंब: घालायचा कसा आणि नाकाजवळ दाबायचं कशाला

काचबिंदूसाठी मिळालेल्या बाटलीवर ‘टिमोलॉल ०.५%’ असं छापलेलं असेल, तर ते बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणाऱ्या गटातलं) औषध आहे. डोळ्याच्या आत, बुबुळामागे, मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलीटर पाणी तयार होतं (हे अश्रू नव्हेत) आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून झिरपून जातं. जाळी तुंबली की डोळ्यातला दाब चढतो. टिमोलॉल जाळीला हात लावत नाही, नळच बारीक करतं. अर्ध्या तासात दाब उतरू लागतो आणि दोनेक तासांनी सगळ्यात कमी होतो. उतार साधारण २० ते २५ टक्के, म्हणजे २८ मिमी (पाऱ्याचा) दाब असेल तर २१-२२. झोपेत हे पाणी आपसूकच निम्म्यावर येतं, त्यामुळे रात्री औषधाला फारसं काम उरत नाही. दिवसातून एकदाच सांगितलेला थेंब म्हणूनच बहुधा सकाळचा असतो.

हात धुवा, मान मागे करा, खालची पापणी ओढून खोबण करा. बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडा. डोळा अलगद मिटा. घट्ट मिटून किंवा उघडझाप करून औषध बाहेर पडतं. आता तर्जनीने डोळ्याचा नाकाकडचा कोपरा हाडावर दाबून २-३ मिनिटं धरा.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलीटरचा आणि खोबणीत मावतं जेमतेम ३०. कोपरा दाबून वाट बंद केली नाही, तर उरलेलं अश्रूनलिकेतून नाकात आणि तिथून थेट रक्तात जातं. गोळी निदान आधी यकृतातून जाते, हे तसं जात नाही. म्हणून एका थेंबानेही नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. एका डोळ्यात घातलेल्या थेंबाने दुसऱ्या डोळ्याचा दाबही थोडा उतरतो, तो याच वाटेने. ‘जास्त गुण यावा’ म्हणून दोन थेंब घालण्यात अर्थ नाही, दुसरा गालावर किंवा नाकातच जाणार.

दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), मंद नाडी, हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडखळणं) यांपैकी काही असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. ‘डोळ्याचंच तर औषध’ म्हणून हे राहून जातं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर थेंबाचा गुण कमी दिसतो आणि नाडीवरचा भार मात्र वाढतो. इन्शुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्यावर होणारी धडधड या औषधामुळे जाणवेलच असं नाही. शंका आली की ग्लुकोमीटर लावा.

दुसऱ्या औषधाचेही थेंब असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर नंतरचा थेंब आधीच्याला धुऊन काढतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, १५ मिनिटांनी लावा. वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घालू नका. आणि दुखत नाही म्हणून थेंब बंद करू नका, चढलेला दाब बहुतेकदा दुखतच नाही.

बाटली उघडल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा. ४ आठवडे झाले की औषध उरलेलं असलं तरी टाकून द्या.