गोल्फच्या ड्रायव्हरचं सेटिंग बदलून चेंडू खरंच वेगळा उडतो का? रेंजवर असं तपासा

ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब मारायचा गोल्फ क्लब. त्याचा लॉफ्ट (फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, किती मागे कललेला आहे तो कोन) एक खाच वाढवला की स्लाइस (चेंडूचं उजवीकडे वळणं) जाईल, नवा शाफ्ट (दांडा) घातला की वीस यार्ड वाढतील, असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक ड्रायव्हिंग रेंजवर भेटतंच. माझं मत सरळ आहे. फरक पडतो, पण बहुतेक हौशी खेळाडूंच्या बाबतीत तो त्यांच्याच दोन स्विंगमधल्या फरकापेक्षा लहान असतो. सेटिंग बदलायचा पाना फिरवून तीन चेंडू मारले आणि निकाल लावला, तर तो निकाल सेटिंगचा नसतो, त्या तीन फटक्यांचा असतो. म्हणून शाफ्टवर हजारो रुपये घालण्याआधी पुढच्या क्रमानं तपासून घ्या. वर्णन उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या धराव्यात.

पायरी १ : चेंडू फेसवर कुठे लागतो ते आधी पाहा

पान्याला हात लावण्याआधी हेच करायचं. व्हाइटबोर्डच्या मार्करनं चेंडूवर ठळक ठिपका काढा, तो फेसच्या बाजूला येईल असा चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर खूण उमटते. फोटो काढा, फेस पुसा, पुढचा चेंडू घ्या. दहा-पंधरा चेंडूंनंतर खुणांचा पुंजका कुठे आहे ते स्पष्ट दिसतं.

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि चेंडूच्या उडण्याचं अर्धं उत्तर इथेच असतं. चेंडू टो-कडे, म्हणजे फेसच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाला, लागला की क्लबहेड (क्लबचं डोकं) आपल्या गुरुत्वमध्याभोवती मागे फिरतं आणि एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांसारखा चेंडूला उलट दिशेचा स्पिन (फिरकी) मिळतो. असा चेंडू डावीकडे वळतो. हीलकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या टोकाला, लागलेला उजवीकडे वळतो. फेसच्या वरच्या भागात लागला तर चेंडू उंच निघतो आणि बॅकस्पिन (मागच्या दिशेची फिरकी) कमी होतो. खाली लागला तर तो कमी उंच निघतो आणि स्पिन वाढतो. सेंटीमीटरभर इकडेतिकडे झालं तरी एका खाचेच्या बदलाचा परिणाम पुसला जाऊ शकतो. तुमचा पुंजका हीलजवळ असेल, तर स्लाइसचं कारण तिथे शोधा. चेंडूपासून थोडं लांब किंवा जवळ उभं राहून पाहा, टीची उंची बदलून पाहा. यात खर्च काहीच नाही.

पायरी २ : बाकी सगळं सारखं ठेवा

चेंडू एकाच प्रकारचे हवेत. रेंजवरचे चेंडू जुने आणि वेगवेगळ्या बनावटीचे असतात. परवानगी असेल तर घरून एकाच मॉडेलचे डझनभर न्या, किंवा सिम्युलेटरवर चाचणी घ्या. टीवर पेनानं रेघ मारली की उंची सारखी राहते. वारा सुटला असेल तर त्या दिवशी दिशेबद्दल काही ठरवू नका. अंग पूर्ण गरम झाल्याशिवाय मोजायला सुरुवात करू नका आणि थकल्यावर थांबा. लॉन्च मॉनिटर (चेंडूचं उड्डाण मोजणारं यंत्र) असेल तर चेंडूचा वेग, निघण्याचा कोन, बॅकस्पिन आणि कॅरी (हवेतून कापलेलं अंतर) हे चार आकडे नोंदवा.

आणखी एक. येरवड्याचा कोर्स समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, चेंबूरचा जवळजवळ समुद्राच्या पातळीला. पुण्याच्या विरळ हवेत चेंडू थोडा लांब जातोच. पुण्यातले आकडे मुंबईतल्या आकड्यांशी ताडू नका.

पायरी ३ : लॉफ्टची दोन टोकं आमनेसामने ठेवा

बहुतेक ड्रायव्हरच्या स्लीव्हमध्ये (शाफ्ट हेडला जोडणाऱ्या, खाचा असलेल्या तुकड्यात) लॉफ्ट दोन्ही बाजूंना दीड ते दोन अंश बदलता येतो. एका खाचेपासून सुरुवात करू नका. आधी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी, अशी दोन टोकं घ्या. एवढ्या अंतरातही फरक दिसला नाही, तर एका खाचेत तो दिसणार नाही.

पाच चेंडू एका सेटिंगवर, पाच दुसऱ्यावर, पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं, असं आलटून पालटून मारा. सलग वीस मारून मग बदललंत तर अंग मोकळं होण्याचा किंवा थकण्याचा परिणाम सेटिंगच्या नावावर जमा होतो. प्रत्येक गटातला सर्वांत लांब चेंडू विसरा, मधला आकडा धरा.

आता एक बारकावा, ज्यावरून खूप वाद होतात. लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवल्यावर फेस थोडा बंद, म्हणजे डावीकडे पाहणारा दिसतो. कमी केला की उघडा दिसतो. काही जण तसाच पकडून मारतात. त्यांच्या चेंडूची सुरुवातीची दिशा बदलते, कारण ती मुख्यतः फेस कुठे पाहतो यावर ठरते. काही जण नकळत मनगटानं फेस सरळ करतात. त्यांना फक्त लॉफ्टचा फरक मिळतो, दिशेचा नाही. एकाच सेटिंगबद्दल दोन मित्र उलट सांगतात, ते दोघंही खरं सांगत असतात. तुम्ही कोणत्या गटात आहात ते मित्राला समोरून पाहायला सांगा.

किती फरक अपेक्षित धरावा? लॉफ्ट एक अंश वाढला की चेंडू निघण्याचा कोन एक अंशापेक्षा थोडा कमी वाढतो आणि बॅकस्पिन मिनिटाला दोनेकशे फेऱ्यांनी चढतो. तुलनेसाठी, लॉन्च मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमॅननं प्रसिद्ध केलेल्या पीजीए टूरच्या (पुरुष व्यावसायिकांच्या) जुन्या सरासरीत चेंडूचा वेग ताशी १६७ मैल आणि कोन १०.९ अंश आहे. महिलांच्या एलपीजीए टूरवर वेग १४० मैल आणि कोन १३.२ अंश. वेग कमी, तर चेंडू उंच हवा. आपल्याकडे मात्र अनेक जण ९ अंशांचा ड्रायव्हर अभिमानानं बाळगतात आणि कॅरी गमावतात. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण उपाय त्यांच्या बॅगेतल्या पान्यातच असतो.

पायरी ४ : वजनं

टेलरमेड कंपनीनं २००४ साली आर-सेव्हन क्वाड या ड्रायव्हरच्या हेडमध्ये चार सुटी वजनं दिली, तेव्हापासून ही सोय रुळली. हीलकडे वजन नेलं की ड्रॉला (किंचित डावीकडे वळणाऱ्या चेंडूला) मदत, टो-कडे नेलं की फेडला (किंचित उजवीकडे वळणाऱ्याला). मागे नेलं की चुकीचा फटका जास्त माफ होतो, पुढे नेलं की स्पिन कमी होतो. परिणाम लॉफ्टपेक्षा सौम्य असतो. चाचणी तशीच घ्या, दोन टोकांची.

पायरी ५ : शाफ्ट, आणि तोही झाकून

शाफ्ट किती ताठ ते सांगणाऱ्या आर, एस, एक्स (रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं एकच माप नाही. एकीचा एस दुसरीच्या आरइतका मऊ असू शकतो. अक्षरांवर विसंबू नका. वजन आणि लांबी पाहा.

दुकानात नवा शाफ्ट देताना बरेचदा त्याची लांबी वेगळी असते, स्लीव्ह वेगळ्या खाचेवर असते, कधी हेडही वेगळं असतं. मग बदल कशामुळे झाला ते कळणार कसं? तेच हेड, तीच खाच, तीच लांबी मागा. कागदी टेपनं शाफ्टवरची नावं झाका आणि मित्राला किंवा कॅडीला न सांगता क्लब हातात द्यायला सांगा. महागडं नाव दिसलं की स्विंग बदलतो, हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

सारख्या वजनाच्या आर आणि एसमध्ये बहुतेकांना लहानच फरक मिळतो. मऊ शाफ्ट आदळण्याच्या क्षणी किंचित पुढे वाकलेला असतो, त्यामुळे थोडा लॉफ्ट वाढतो, एवढंच. खरा फरक बहुधा ५० आणि ७० ग्रॅमच्या शाफ्टमध्ये दिसतो, तोही पहिल्या पायरीतल्या पुंजक्यात. जो शाफ्ट पुंजका लहान करतो तो तुमचा. लांबीची चाचणी तर फुकट आहे: ग्रिप एक इंच खाली धरून दहा चेंडू मारा.

पायरी ६ : लिहून ठेवा आणि पाना गाडीत ठेवा

गोल्फच्या नियम ४.१ नुसार फेरी सुरू झाल्यावर क्लबचं सेटिंग मुद्दाम बदलता येत नाही. बदललंच, तर फटक्याआधी मूळ जागी आणा. तसाच फटका मारलात तर स्पर्धेतून बाद. रेंजवरही स्क्रू पान्याचा ‘कट्’ आवाज येईपर्यंतच आवळा.

नोंदवहीत दोन सेटिंग ठेवा. जून ते सप्टेंबर फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) ओले असतात, चेंडू पडतो तिथेच थांबतो, म्हणून सर्वांत जास्त कॅरी देणारी खाच लावा. मार्च-एप्रिलच्या कडक जमिनीवर एक खाच कमी करून कॅरी आणि रोल (जमिनीवर घरंगळत जाण्याचं अंतर) मिळून किती होतं ते पुन्हा मोजा.