विणायच्या चित्रातली कुंडी आडवी करा

फ्रेमच्या छोट्या मागावर खिडकीतला मनीप्लांट विणायला घेतलात, तर पहिला अडथळा पानांचा नसतो, देठांचा असतो. उभा बारीक देठ म्हणजे एक-दोन ताण्यांवर (मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर) एकाच रंगाचा बाणा (आडवा धागा) पुन्हा पुन्हा फिरवायचा. रेघ दातेरी येते आणि दोन्ही बाजूंना उभ्या फटी पडतात.

त्यावर जुना उपाय आहे. चित्र ९० अंशांत फिरवा आणि झाड आडवं झोपवून विणा. देठ आता बाण्याच्या दिशेने धावतो, दोन-तीन फेऱ्यांत सरळ रेघ उमटते. युरोपातले मध्ययुगीन भित्तिपट बहुतेक असेच आडवे विणलेले आहेत. टांगताना मात्र ताणे आडवे येतात, म्हणून वरच्या कडेला मागून कापडी पट्टी शिवा, नाहीतर वजनाने कापड मधे झोळतं.

फिरवूनही काही फटी उरतातच, कारण चित्रातल्या आडव्या कडा आता मागावर उभ्या येतात. कुंडीची वरची-खालची कड किंवा खिडकीची चौकट बघा. तिथे शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवा. आपल्या हातमागावरच्या पैठणीच्या पदरात हेच करतात, म्हणून तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

बाणा कधीच ताणून ओढू नका. कमानीसारखा सैल टाका, मग काट्याच्या चमच्याने खाली दाबा. मी घाईत ओढला होता. चौकोनी खिडकी डमरू झाली.