आपल्याच स्क्रीनवर उतरेल असा लोगो

स्क्रीन प्रिंटिंगच्या छोट्या कारखान्याचा लोगो ग्राहकाला बहुतेक वेळा लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे, कापडी पिशवीच्या तळाशी किंवा गणेश मंडळाच्या टी-शर्टच्या बाहीवर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दिसतो. दुकानाची पाटी तो त्यानंतर पाहतो. इतर कोणत्याही धंद्याचा लोगो खराब उमटला तर दोष छापणाऱ्यावर ढकलता येतो. आपल्या बाबतीत छापणारे आपणच असतो. म्हणून संगणकापुढे बसण्याआधी एक अट स्वतःला घालून घ्यावी, ती अशी की हा लोगो एकाच रंगात आणि आपल्याकडील सर्वांत जाड मेशवर, म्हणजे स्क्रीनच्या चौकटीवर ताणलेल्या जाळीवर, स्वच्छ उतरला पाहिजे.

ही अट मोजून पाळता येते. कापडासाठी वापरली जाणारी ४३ टी मेश घेतली, तर तिच्यात एका सेंटिमीटरमध्ये ४३ धागे असतात, म्हणजे एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंतचे अंतर साधारण ०.२३ मिलिमीटर भरते. रेघ दोन धाग्यांच्या अंतराहून बारीक असेल, तर मधला धागा शाई अडवतो आणि कडा दातेरी येते. उलट दोन आकारांमधील फट तेवढी बारीक असेल, तर तिथला इमल्शनचा (जाळीवरील, प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपाचा) पट्टा स्क्रीन धुतानाच निघून जातो. त्यामुळे कापडावर जाणाऱ्या सर्वांत लहान आकारातही रेघ आणि फट दोन्ही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नयेत. पत्रिकांच्या १२० टी मेशवर याच्या निम्म्याने भागते, पण लोगो दोन्हीकडे जाणार असल्याने हिशेब जाड मेशचाच धरावा. रंगछटांचे उतार, सावल्या आणि बारीक हाफटोन (ठिपक्यांनी दाखवलेल्या छटा) यांचा प्रश्न येथेच मिटतो.

खरी कसोटी देवनागरी अक्षरांची असते. आपल्यापैकी अनेकांच्या नावात ‘प्रिंट्स’ हा शब्द असतो. तो सहा मिलिमीटर उंचीचा छापून भिंगाखाली पाहावा. शिरोरेषेवर वेलांटीची कमान, त्या कमानीला लागून अनुस्वार, खाली प्रचा तिरपा रकार आणि शेवटी ट व स यांची जोडी, इतके सगळे एका शब्दात दाटलेले असते. शाई थोडी जरी पसरली तरी अनुस्वार वेलांटीला चिकटतो आणि दोघांचा मिळून एक डाग दिसू लागतो. माझ्या पहिल्या लोगोत नेमके हेच झाले होते, आणि तीनशे पिशव्या छापून झाल्यावर ते एका ग्राहकाने दाखवून दिले. यावर उपाय असा की तयार फॉन्ट जसाच्या तसा न वापरता अक्षरांचे कर्व्ह (हवा तसा बदल करता येणाऱ्या बाह्यरेषा) करून घ्यावेत, अनुस्वार थोडा मोठा करून वेलांटीपासून दूर सरकवावा आणि रकार जरा आडवा करावा. नाव अजून ठरायचे असेल तर ‘छपाई’ हा शब्द अधिक सोयीचा आहे. त्यात छची गाठ आणि ईचा वरचा फटकारा एवढेच सांभाळावे लागते.

चिन्हासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. शिरोरेषा ही मुळातच स्क्विजीच्या (शाई ओढण्याच्या रबरी पट्टीच्या) एका ओढीसारखी असते. ती जाड करून उजवीकडे किंचित पुढे काढली तरी धंदा कोणता ते कळते. संत्र्याचा मोह मात्र आवरावा, कारण आपल्या नागपुरात मिठाईपासून मालवाहतुकीपर्यंत सगळ्यांनी संत्रे आधीच घेऊन ठेवले आहे. नारिंगी रंगाचीही एक अडचण आहे. पांढऱ्या कागदावर त्यातील बारीक अक्षरे फिकी वाटतात आणि काळ्या टी-शर्टवर तो खुलण्यासाठी खाली पांढऱ्याचा हात द्यावा लागतो, म्हणजे एका लोगोसाठी दोन स्क्रीन आल्या. गडद कापडासाठी लोगोचे वेगळे, थोडे जाड रूप सुरुवातीलाच आखून ठेवावे.

दुसरा रंग हवाच असेल, तर नागपूरचे हवामान लक्षात घ्यावे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की पाण्यावर चालणारी शाई मेशमध्येच वाळते आणि पहिल्यांदा बारीक रेघा बंद होतात. पावसाळ्यात, ज्यावर फिल्म (स्क्रीन बनवण्यासाठीची काळी प्रत) काढतो तो ट्रेसिंग पेपर दमट हवेने फुगतो, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या दोन फिल्म एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. म्हणून दोन रंग एकमेकांना टेकतील अशी रचना टाळावी. एक तर त्यांच्यात डोळ्यांना दिसेल एवढे अंतर सोडावे, नाहीतर गडद रंग फिक्यावर अर्धा मिलिमीटर चढवावा.

पाटीपुरते सांगायचे तर, २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे देवनागरी रूपच मुख्य धरून आखणे शहाणपणाचे आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली नोंदणी करायची असल्यास छपाईची सेवा ४० व्या वर्गात येते. नोंदणी होण्याआधी टीएम हे चिन्ह लावता येते, वर्तुळातील आर मात्र लावता येत नाही.

आराखडा पक्का वाटला की एकाच फिल्मवर तो १५, २५, ६० आणि १५० मिलिमीटर रुंदीचा असा चारदा काढावा. फिल्मवरील काळा रंग पूर्ण गडद हवा. उजेडासमोर धरल्यावर करडा दिसला तर बारीक भाग एक्स्पोज करतानाच (स्क्रीनवर प्रकाश टाकतानाच) जातील. ही फिल्म ४३ टी आणि १२० टी अशा दोन्ही स्क्रीनवर उतरवून कागद, सुती कापड आणि नॉन-वूव्हन पिशवी यांवर प्रत्येकी वीस-पंचवीस नग सलग छापावेत. पहिल्या नगावरून ठरवू नये, शेवटचा नग तपासावा. अनुस्वार ज्या आकारापर्यंत वेगळा दिसतो, ती रुंदी फिल्मच्या कोपऱ्यात मार्करने लिहून ठेवावी आणि त्याहून लहान जागेत लोगोऐवजी फक्त नावाचे पहिले अक्षर छापावे.