मधल्या सर्व्हरशिवाय गप्पा: आपल्या संगणकावर ‘जामी’ कसे बसवावे

नेहमीच्या चॅट-अ‍ॅपमध्ये आपला निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि समोरचा ऑनलाइन येईपर्यंत तिथेच थांबतो. पीअर-टू-पीअर पद्धतीत दोन संगणक एकमेकांशी थेट बोलतात. निरोप सांभाळणारा मधला कोणी नसल्यामुळे ते काम आपल्याकडे येते, आणि पुढची सगळी मांडणी त्याच हिशेबाने करावी लागते.

यासाठी जामी हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्यावे. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते आणि मोबाइलवरही मिळते. २०१८ च्या अखेरपर्यंत त्याचे नाव ‘रिंग’ होते, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळ होऊ शकतो. डाउनलोड केवळ जामीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे.

पहिल्यांदा उघडल्यावर खाते तयार करावे. येथे ईमेल किंवा मोबाइल क्रमांक विचारला जात नाही. संगणकच एक गुप्त किल्ली घडवतो आणि तिच्यावरून ४० अक्षरांची ओळख तयार होते. ती पाठ होणे शक्य नसल्याने सोपे नाव नोंदवण्याची सोय आहे. नावांची ही यादी मात्र सर्व्हरवर असते, त्यामुळे हवे तरच नाव घ्यावे.

खाते तयार होताच, गप्पा सुरू करण्याआधी, सेटिंगमधून खात्याचा बॅकअप घेऊन ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. ‘पासवर्ड विसरलात?’ अशी सोय येथे नाही. मी एकदा लॅपटॉप फॉरमॅट करताना छायाचित्रे आणि कागदपत्रे जपून काढली आणि ही एवढीशी फाइल विसरलो. माझे नाव यादीत तसेच राहिले, पण त्या खात्यात शिरायची वाट उरली नाही, आणि नवे नाव कळवायला घरातल्या एकेकाला फोन करावा लागला.

आता दुसऱ्या संगणकावरही असेच खाते तयार करून एकाची ओळख दुसऱ्याच्या शोधपट्टीत टाकावी, विनंती पाठवावी आणि ती तिकडे स्वीकारावी. अनोळखी गावात आपण पत्ता विचारत जातो, ज्याला घर ठाऊक नसते तो ‘पलीकडच्या आळीत विचारा’ म्हणतो, आणि असे करत आपण दारापर्यंत पोहोचतो. जामीचे संगणकही एकमेकांना असेच विचारत हवा तो संगणक शोधतात. टॉरेंट वापरणाऱ्यांना ही डीएचटी पद्धत परिचित असेल. थेट जोडणी झाली की समोरच्याला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, कळू शकतो, म्हणून वाटेल त्याची विनंती स्वीकारू नये.

जोडणी होत नसेल तर आधी फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारी संगणकातली यंत्रणा, पाहावी. विंडोजने घरचे वाय-फाय ‘सार्वजनिक’ धरले असेल, तर ते ‘खासगी’ करून जामीला परवानगी द्यावी. मोबाइल डेटावर अनेक ग्राहक एकाच आयपी पत्त्याआड असतात, तेव्हा थेट वाट न मिळाल्यास निरोप मधल्या टर्न सर्व्हरवरून जातो. तो कूटबद्ध असल्याने त्या सर्व्हरला वाचता येत नाही. दोन्ही संगणक एकाच राउटरवर असतील तर प्रगत सेटिंगमधील स्थानिक शोध चालू असल्याची खात्री करावी. मग इंटरनेटची बाहेरून येणारी तार काढली तरी निरोप पोहोचतो. हे एकदा स्वतः करून पाहावेच.

राहिला प्रश्न समोरचा संगणक बंद असण्याचा. दोघे एकाच वेळी ऑनलाइन नसतील तर निरोप पाठवणाऱ्याच्याच संगणकात थांबतो. परंतु जामीतील प्रत्येक संभाषणाची पूर्ण प्रत त्यातल्या सर्वांकडे असते, आणि जो चालू असेल तो उशिरा आलेल्याला राहिलेले निरोप देतो. म्हणून घरातला एखादा जुना संगणक ‘नवे उपकरण’ म्हणून आपल्याच खात्याला जोडावा आणि तो कायम चालू ठेवावा. त्याची स्लीपची सेटिंग मात्र आठवणीने बंद करावी, नाहीतर अर्ध्या तासाने तोही झोपतो आणि निरोप पुन्हा अडकून पडतात.