ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून मुघल विस्तार कसा समजून घ्यावा

आपल्याकडच्या मराठी घरांत शिंदेशाहीच्या गोष्टी तोंडपाठ असतात. त्या घटकाभर बाजूला ठेवाव्यात. आधी नकाशावर आग्र्याहून दक्षिणेकडे जाणारी वाट पाहावी, म्हणजे १५२६ मध्ये पानिपत जिंकल्यावर बाबराला हा गड का हवासा वाटला, ते उमगते. त्यानंतर गडावरील मानमंदिर या महालाच्या भिंतीवरील निळ्या फरशा आणि पिवळ्या बदकांची ओळ जवळून न्याहाळावी, कारण १५२८ मध्ये बाबराने हा महाल स्वतः पाहून त्याविषयी लिहून ठेवले आहे. केवळ तोफांचे कौतुक करीत बसू नये. जिंकलेला मुलूख टिकला तो अकबराच्या मनसबदारीमुळे (दर्जानुसार अधिकारी नेमण्याची व्यवस्था) आणि १५८० च्या दहसाला सारापद्धतीमुळे (दहा वर्षांच्या सरासरीवरून शेतसारा ठरवण्याची रीत), असे माझे मत आहे. शेवटी कैदखाना पाहावा: १६६१ मध्ये औरंगजेबाने सख्खा भाऊ मुरादबक्ष याला येथेच मारविले.