डिस्कवरून सॅम्पल लायब्ररी काढताय? या चुका टाळा

डिस्क लाल दिसायला लागली की पहिला हात मोठ्या फोल्डरांवर जातो, आणि संगीताच्या कॉम्प्युटरवर मोठे फोल्डर म्हणजे सॅम्पल लायब्ररीच, वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच. स्पिटफायरचा बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा प्रोफेशनल एकटाच ६०० जीबीच्या घरात जातो. टूनट्रॅकच्या सुपिरियर ड्रमर ३ चे कच्चे आवाज २३० जीबीच्या वर. ५१२ जीबीच्या लॅपटॉपवर काहीतरी काढावंच लागणार. पण घाईत काढलं की पुढचे चार दिवस निस्तरत बसावं लागतं.

फोल्डर थेट उडवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कॉन्टॅक्टच्या (नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं सॅम्पल वाजवायचं सॉफ्टवेअर) लायब्ररीचा फोल्डर शोधला, डिलीट मारला, झालं! मग कॉन्टॅक्ट उघडावा तर डाव्या बाजूला लायब्ररीचं चित्र तसंच, आणि क्लिक केलं की कंटेंट सापडत नाही म्हणून तक्रार. कारण ती यादी सॅम्पलच्या फोल्डरमधून येत नाही. लायब्ररी बसवताना तिची नोंद सिस्टिममध्ये वेगळीकडे होते, आणि ती नोंद तुम्ही काढलेलीच नसते.

सरळ रस्ता असा: नेटिव्ह ॲक्सेस, म्हणजे त्याच कंपनीचं लायब्रऱ्या बसवायचं-काढायचं ॲप, उघडा, लायब्ररी निवडा, तिच्या मेनूतून अनइन्स्टॉल करा. मग फोल्डर खरंच गेला का ते डिस्कवर जाऊन एकदा बघा. उरला असेल तर आता खुशाल उडवा.

फोल्डर आधीच उडवून बसला असाल आणि नेटिव्ह ॲक्सेसमधूनही ते चित्र जात नसेल, तर नोंदी हाताने काढाव्या लागतात. कॉन्टॅक्ट, नेटिव्ह ॲक्सेस आणि तुमचं डॉ (गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर), तिन्ही आधी बंद करा. मॅकवर प्रेफरन्सेसच्या फोल्डरमध्ये त्या लायब्ररीच्या नावाची पीलिस्ट (सेटिंग साठवणारी) फाइल असते, आणि ॲप्लिकेशन सपोर्टमधल्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या सर्व्हिस सेंटर फोल्डरमध्ये एक्सएमएल फाइल. इथे बरेच जण फसतात, कारण मॅकवर लायब्ररी नावाचे फोल्डर दोन: एक तुमच्या युजरचा, एक मूळ डिस्कवरचा. आपल्याला हवाय मूळ डिस्कवरचा. युजरच्या फोल्डरमध्ये तासभर शोधलंत तरी हाती काही लागणार नाही.

विंडोजवर एक्सएमएल फाइल प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सखाली, तशाच सर्व्हिस सेंटर फोल्डरात असते. दुसरी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत), लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, मग नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स. तिथे फक्त त्या एका लायब्ररीच्या नावाची की (नोंद) काढायची, आणि त्याआधी ती एक्सपोर्ट करून ठेवायची. वैतागून अख्खी नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची की उडवलीत, तर चालू असलेल्या लायब्रऱ्याही बेपत्ता होतील.

जी यादीत नाहीच, ती शोधत बसणं

पूर्ण, म्हणजे विकतचा कॉन्टॅक्ट लागणाऱ्या कितीतरी लायब्रऱ्या नेटिव्ह ॲक्सेसमध्ये कधी दिसतच नाहीत. त्या म्हणजे नुसता एनकेआय (कॉन्टॅक्टच्या वाद्याच्या) फाइलींचा आणि सॅम्पलचा फोल्डर. तो उडवला की काम संपलं, रजिस्ट्रीच्या वाटेला जायची गरज नाही. मात्र आतला सॅम्पल्सचा फोल्डर तेवढा काढून जागा वाचवू नका. एनकेआय उघडताना सॅम्पल मिसिंगची खिडकी छळत राहील.

बाकी कंपन्यांचं गणित सोपं आहे: ज्या ॲपने आणली, काढायची सोय आधी त्याच ॲपमध्ये बघायची. स्पिटफायरचं स्वतःचं ॲप आहे, स्टाइनबर्गचा लायब्ररी मॅनेजर, टूनट्रॅकचा प्रॉडक्ट मॅनेजर.

गॅरेजबँडचं ॲप कचऱ्यात टाकलं तरी त्याचे आवाज आणि ॲपल लूप्स मूळ डिस्कवरच राहतात. पण मशीनवर लॉजिक किंवा मेनस्टेज (ॲपलचीच संगीताची ॲप्स) असेल तर त्या आवाजांना हात लावू नका, हा माल तिघांचा सामाईक असतो. लॉजिकमध्ये साउंड लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर हलवायची सोय आहे. माझ्या मते काढण्यापेक्षा ते बरं.

जुन्या प्रोजेक्टचा विचार न करणं

गेल्या गणपतीतलं गाणं यंदा पुन्हा उघडायची वेळ येते. निर्माता म्हणतो, 'फक्त ढोलकी जरा खाली घे.' आणि ढोलकीच्या ट्रॅकवर शांतता, कारण ती लायब्ररी मे महिन्यातच काढली! म्हणून काढण्याआधी त्या लायब्ररीचा प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून वेव्ह (ऑडिओ) फाइल करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. मिडी (सुरांची नोंद) तशीच राहू द्या. नुसत्या फ्रीझवर (ट्रॅकचा तात्पुरता ऑडिओ) विसंबू नका. एक सूर बदलायला ट्रॅक अनफ्रीझ केलात की वाद्य लागणारच. कॉन्टॅक्टमध्ये तुम्ही स्वतः बनवलेले स्नॅपशॉट (वाद्याची साठवलेली सेटिंग) सहसा डॉक्युमेंट्समधल्या युजर कंटेंट फोल्डरमध्ये असतात, त्यांचीही कॉपी घ्या.

लायसन्सची धास्ती मात्र नको. फाइली गेल्या तरी खरेदी तुमच्या अकाउंटवर राहते. अपवाद आयलॉकचा (लायसन्स सांभाळणारी यंत्रणा): लायसन्स मशीनवर ॲक्टिव्हेट केलेलं असेल तर फॉरमॅट मारण्याआधी ते डीॲक्टिव्हेट करा. बाजारातून बंद झालेल्या लायब्ररीचा इन्स्टॉलर तुमच्याकडे असेल, तर तो आधी बाहेरच्या डिस्कवर टाका. पुन्हा मिळेलच असं नाही.

'एवढं काढलं, तरी जागा तेवढीच!'

आधी कचरापेटी रिकामी करा. बाहेरच्या डिस्कवरून काढलेल्या फाइली त्याच डिस्कच्या लपलेल्या कचरापेटीत पडून असतात, म्हणून ती डिस्क जोडलेली असतानाच रिकामी करायची. डाउनलोड्समध्ये इन्स्टॉलरचे झिप आणि रारचे तुकडे उरलेत का बघा. कित्येकदा ते लायब्ररीएवढेच भरतात. मॅकवर टाइम मशीन (बॅकअप) चालू असेल तर त्याचे लोकल स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कवरच ठेवलेल्या जुन्या स्थितीच्या प्रती, काढलेल्या फाइली चोवीस तासांपर्यंत धरून ठेवतात. तेव्हा लगेच आकडा हलला नाही म्हणून आणखी दोन लायब्रऱ्या उडवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.