स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांची विस्कटलेली दिवसरात्र कशी सावरावी

सांगलीच्या ऊसपट्ट्यात रात्रीच्या लाइटवर पाणी पाजण्यात किंवा कारखान्याच्या रात्रपाळीत ज्यांचे आयुष्य गेले, ते सत्तरीत दिवसा पेंगू लागले आणि रात्री घरभर फिरू लागले, तर घरचे ‘जुनी सवय’ म्हणून सोडून देतात. तसे सोडू नये, कारण त्यामागे स्मृतिभ्रंशही असू शकतो.

मेंदूच्या तळाशी असलेला सुमारे २०,००० पेशींचा पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून रोज वेळ जुळवतो. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, हा पुंजकाच झिजतो, म्हणून झोप मोडते. उलट, झोप मोडल्यास या आजारात साचणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वाढते, हे उंदरांवरील प्रयोगांत आणि रात्रभर जागवलेल्या माणसांच्या मणक्यातील द्रवातही आढळले आहे. रात्रपाळीमुळेच स्मृतिभ्रंश होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. त्यामुळे कोणी आपल्या कष्टांना दोष देऊ नये.

माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड. रात्र कशीही गेली तरी उठवण्याची वेळ बदलू नये, आणि उठल्यावर तासाभरात त्यांना अंगणात अर्धा-पाऊण तास बसवावे. सोप्यात बसवून भागत नाही, कारण घरात जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर पावसाळी आभाळाखालीही तो हजारोंत जातो. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची असावी. दुपारनंतर चहा देऊ नये.

दिवेलागणीला अनेकांची घालमेल वाढते आणि ‘मला घरी जायचंय’ असा हट्ट सुरू होतो. अंधारून येण्याआधीच दिवे लावावेत, म्हणजे सावल्यांनी भीती वाटत नाही. वाद न घालता हात धरून चार पावले फिरवून आणावे. जेवणानंतर टीव्ही बंद करून उजेड मंद करावा आणि संडासाच्या वाटेवर छोटा पिवळा दिवा ठेवावा.

झोपेची गोळी मनाने देऊ नये. तिने गोंधळ वाढतो आणि तोल जाऊन पडण्याची भीती असते. वारंवार लघवी, दुखणे, घोरताना श्वास अडकणे ही कारणे आधी तपासून घ्यावीत. झोपेत ओरडणे, स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे दिसले तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) आधी काही वर्षे हे लक्षण दिसू शकते. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यामागे लघवीतील जंतुसंसर्गासारखे बरे होणारे कारण असू शकते.